पळून जायचं, पण कुणाला सांगायचं नाही

३ नोव्हेंबर
ठरलं. पळून जाऊन लग्न करायचं.
तसं पाहिलं तर पळायची गरज नाही. दोन्ही घरांना पसंत आहे, अडचण तीच आहे. तिच्या आत्या आणि माझ्या मावश्या परवा एकत्र बसल्या आणि हॉलच्या पडद्यांच्या रंगावरून रुसवेफुगवे झाले. हॉल अजून ठरलेला नाही.
आयडिया तिची. मी लगेच हो म्हटल्यामुळे निम्मी माझी धरायला हरकत नसावी. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. म्हणाली, दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत बघते, त्या दिवशी फक्त तुझ्या डोळ्यांत बघायचंय. मोठ्या बागेतलं तळं, होड्यांचा धक्का, सकाळची वेळ, आपण दोघंच. एकमेकांना मनातले चार शब्द सांगायचे, दोघांनी भाड्याने घेतलेल्या नव्या खोलीची किल्ली एकमेकांच्या हातात द्यायची. सह्याबिह्या मग ऑफिसात सावकाश. अट एकच, कुणाला सांगायचं नाही.
मी म्हटलं, कुलपांच्या दुकानातल्या माणसाला हे सांगावं लागतं का?
ती हसली नाही. स्वभाव सीरियस आहे.

४ नोव्हेंबर
मामांना सांगावं लागलं. दुकान त्यांचं, रजा त्यांच्याकडूनच घ्यायची. नुसती रजा मागितली असती तर संशय आला असता, म्हणून कारणही सांगितलं. मामा कानस मारत होते. मान वर न करता हूं म्हणाले. मामांचं हूं म्हणजे तिजोरी.

६ नोव्हेंबर
ताईला सांगितलं. सख्ख्या बहिणीला नाही सांगायचं तर कुणाला? आधी शपथ घातली. शपथ घालून सांगितलेलं सांगण्यात धरत नाहीत.
लंबूलाही. शाळेपासूनचा मित्र, त्यात कॅमेरा त्याच्याकडे. दोघंच होतो याचा पुढे काही पुरावा नको?
आता बस. याउपर एक शब्द नाही.

९ नोव्हेंबर, दुकानातून
चार शब्द लिहून झाले. सात पानं. एकदम पर्सनल आणि मीनिंगफुल. सुरुवात कुलपाचा शोध कसा लागला इथून केली आहे, पाचव्या पानावर ती येते. लंबूला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर त्याने डोळे मिटून घेतले. भारावला असावा.
दोन किल्ल्याही घासल्या. एक तिची, एक माझी. इतकं गुळगुळीत काम मी आजवर केलेलं नाही. मामांनीसुद्धा खोट काढली नाही.

११ नोव्हेंबर
दगा. शुद्ध दगा.
कोपऱ्यावरच्या फळवाल्याने संत्री पिशवीत टाकता टाकता विचारलं की धक्क्यावर सकाळचा वारा फार असतो, नवरीला शाल घेतली का. हातातली पिशवी सुटली. संत्री गटारापर्यंत गेली.
ज्यांना जिवाभावाचं मानलं त्यांनीच केसाने गळा कापला. तिघांपैकी कोण? घरी आल्यावर कुणाशी बोललो नाही. का बोलत नाहीस असं विचारलंही नाही कुणी. याचंही वाईट वाटलं.

१२ नोव्हेंबर
सापडला उपाय. आमच्या धंद्यातलाच.
किल्लीची डुप्लिकेट काढली, मग त्या डुप्लिकेटवरून आणखी एक काढली, की दात किंचित सरकतो. न लागणारी किल्ली घेऊन गिऱ्हाईक आलं की मामा उजेडात धरून सांगतात, ही अमक्या किल्लीवरून काढलेली आहे. प्रत्येकीची खोड वेगळी.
तर प्रत्येकाला वेगळी जागा द्यायची. जी जागा बाहेर फुटेल, तिचा मालक फितूर. मामांना सांगितलं, प्लॅन बदलला, आता बागेतला पूल. ताईला कारंजं. लंबूला पक्ष्यांचा पिंजरा.
तिला मागचं फाटक.
हो, तिलाही. नियम म्हणजे नियम. तपासात नातं बघायचं नसतं. निकाल लागला की लगेच खरं सांगणार आहे. फाटकाचं ऐकून तिला आनंदच झाला. तिकडे कुणी फिरकत नाही, बरं झालं, म्हणाली.

१५ नोव्हेंबर
फळवाल्याने विचारलं, पूल की कारंजं, नक्की कुठे? शिंप्याने कोटाचं माप घेताना सांगितलं की पिंजऱ्यापाशी काळा रंग नको, पक्षी बिथरतात.
म्हणजे तिघंही. एक फितूर शोधायला गेलो आणि घर भरून फितूर निघाले. लहानपणी ताप आला तर हीच ताई उशाशी बसायची. माणूस इतका कसा बदलतो? फार खचलो आहे.

१७ नोव्हेंबर
मागच्या फाटकाबद्दल कुणीच काही बोलत नाही. फळवाल्याला आडून आडून विचारलं. त्याला बागेला मागचं फाटक आहे हेच माहीत नव्हतं.
हे जरा खटकतंय. इतकं पोटात ठेवणारी बाई उद्या माझ्यापासून काय काय ठेवेल? भेटलो तेव्हा सहज म्हटलं, तू धाकट्या बहिणीलाही बोलली नाहीस? म्हणाली, तुला शब्द दिलाय ना. मग मलाच विचारलं, तू? मी ओठांना कुलूप लावल्याची खूण केली. या वेळी ती हसली. छान हसते.
खरी जागा सांगणारच होतो, पण इतक्या छान क्षणी धंद्यातली गोष्ट काढणं बरं दिसलं नसतं.

१९ नोव्हेंबर
तिघांना दुकानात बोलावून जाब विचारला. मामा म्हणाले, मी फक्त मामीला बोललो. ताई म्हणाली, मी फक्त तुझ्या भाऊजींना, नवऱ्याला सांगितलेलं सांगण्यात धरत नाहीत. लंबूने फक्त शिंप्याला, तेही फोटोच्या अँगलसाठी. वर तिघं एकमेकांत भांडायला लागले, की मला कारंजं आणि तुला पूल का? लाज नाही ती नाहीच.
माझा तोल गेला. ठणकावून सांगितलं की तुम्ही पूल, कारंजं, पिंजरा, कुठेही जाऊन बसा, आम्ही धक्क्यावरच असणार. आता काढा शोधून.
तिघांचं भांडण जागच्या जागी थांबलं. चांगली जिरवली.

२१ नोव्हेंबर, सकाळी
निघतोय. नवा कोट. सात पानं खिशात, किल्ल्या डबीत. मन शांत आहे. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतंय. रुमाल असेल.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी
क्रमाने लिहितो.
धक्क्यावर सगळे हजर. मामा, मामी, ताई, भाऊजी, कॅमेरा घेऊन लंबू, शिंपी. मावश्यांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. तिच्या आत्याही कुणाकडून तरी ऐकून आल्या. फळवाला टोपली घेऊन, कारण इतके लोक जमणार तर, असं त्याचं म्हणणं. विश्वासघात खुर्च्या टाकून बसलेला मी प्रथमच पाहिला.
ती आली नव्हती. नटायला वेळ लागत असेल म्हटलं. लोक ताटकळले, म्हणून मी पानं काढली. आलेच आहेत तर ऐकू देत. कुलपाच्या इतिहासाला टाळ्या पडल्या. मग मीही जरा मोठ्याने वाचायला लागलो.
पाचव्या पानावर, जिथे ती येते, तिथे लंबू कानाशी आला आणि म्हणाला, अरे, आम्हाला तिघांना तीन जागा दिल्यास, तिला कुठली दिली होतीस?
पळालो. शेवटी पळालो ते असा, एकटा, कोट सांभाळत.
मागच्या फाटकाला कुलूप होतं, आमच्याच दुकानातलं. बाहेर कुणी नाही. आत माळी वाफे खुरपत होता. म्हणाला, एक बाई बऱ्याच वेळच्या इथे आतल्या बाजूला उभ्या होत्या, छान साडी, हातात फुलं. बागेला आणखी एखादं मागचं फाटक आहे का, असं दोनदा विचारलं त्यांनी. मग तळ्यापलीकडून टाळ्या ऐकू आल्या. त्या जरा वेळ कान देऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, कुणाचं तरी लग्न दिसतंय. आणि फुलं त्याच्या टोपलीत ठेवून गेल्या.
फुलं बघितली. साधीच होती. मला रडू आलं, ते माळ्याने पाहिलं. तो बोलणार नाही असं वाटतं.

२२ नोव्हेंबर
अखेर तिने फोन उचलला. धक्क्यावरचं सगळं तिला आत्यांकडून कळलं होतं. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, मलाही तपासलंस? मी सगळी पद्धत नीट समजावली, दात कसा सरकतो वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, निकाल काय लागला?
म्हटलं, तू पास. तू एकटीच पास.
तिने फोन ठेवला. आनंद झालेला वाटला नाही.

२३ नोव्हेंबर
एक गोष्ट स्पष्ट नोंदवून ठेवतो. दगा माझ्याशी झाला. मामा, ताई, लंबू, तिघांनी तोंड आवरलं असतं तर तपास करावाच लागला नसता. हे तिला पटेल. वेळ लागेल, पण पटेल. सात पानांची तीन करायला घेतली आहेत. ती आता पहिल्याच पानावर येते.

२६ नोव्हेंबर
ती दुकानात आली. मी मागे मशीनवर होतो, पडदा ओढलेला. मामांशी बोलली. नव्या खोलीचं कुलूप बदलून हवंय, ती तिथे राहायला जातेय. मामांनी चांगलं दाखवलं, सोबत दोन किल्ल्या असतात असं सांगितलं. ती म्हणाली, एकच द्या. मामा म्हणाले, दुसरी राहू दे, कधी लागते. ती म्हणाली, लागणार नाही, दुसरी इथेच मोडा, मी थांबते.
मामा पडदा सारून आत आले. किल्ली आणि पक्कड माझ्यापुढे ठेवून तिथेच उभे राहिले. नवी किल्ली, दात अजून धारदार. शिकंज्यात घट्ट धरली आणि पकडीने मोडली. मामांनी दोन्ही तुकडे नेऊन तिला दाखवले. तिने आभार मानले, आवाज नेहमीचाच होता.
घरी येताना फळवाल्याने हटकलं. म्हणाला, काय मग, पुढचं काय ठरलं?
काही नाही म्हटलं. ताईने विचारलं तेव्हाही काही नाही म्हटलं. या वेळी कुणालाच सांगितलं नाही.