सल्ल्याची घंटा

३ फेब्रुवारी
फॉर्म! सहा पानांचा! ज्या केंद्रात माझी दारू सुटली, तिथेच आता इतरांना सोबत करायचं प्रशिक्षण घ्यायचं, तर म्हणे आधी दाखवून द्या की तुम्ही पीत होतात. जन्मात पहिल्यांदाच त्या गोष्टीची पात्रता झाली! ‘शेवटचं सेवन कधी?’ — दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी, असं कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी पट्टी मारून वळण लावलेल्या अक्षरात लिहिलं. अट पूर्ण दोन वर्षांची. लेकीने साक्षीदार म्हणून सही केली. “प्रमाणपत्र आलं की फ्रेम करू हं, आई.” तिथे बायकांच्या वॉर्डात सोबतीला एकही बाई नाही. ती सोबतिणीची खुर्ची मला हवी आहे. हवीच आहे!

५ फेब्रुवारी
प्रशिक्षिका माझ्या लेकीपेक्षा लहान. टेबलावर एक घंटा. “सल्ला दिलात की वाजेल. सोबत्याने स्वतःचं सांगायचं, समोरच्याचं ऐकायचं. उपदेश नाही.”
सरावाला जोडीदार म्हणून एक नळदुरुस्तीवाला. मी सोबतीण व्हायचं, त्याने नुकतीच दारू सोडलेला माणूस.
“बाई, संध्याकाळ झाली की हात कापतात.”
“मग फिरायला जात जा.” टण्!
“बरं, निदान अंघोळ करा.” टण्!
“मी सल्ला देत नाहीये, नुसतं सांगतेय की तुम्ही—” टण्!
अकरा वेळा! मेल्या घंटेला घरी नेऊन बुडवावंसं वाटलं.
मग तो सोबती झाला. गुडघ्यांवर हात ठेवून बसला आणि म्हणाला, “मग?” बस्स, एवढंच. मी वीस मिनिटं बोलत होते. घंटा गप्प! यात त्याने केलं काय?

९ फेब्रुवारी
नळवाल्याला लेखी परीक्षेची धास्ती. घरी बोलावून शिकवते आहे. विचारलं, गोपनीयता म्हणजे काय? म्हणाला, “पाइप भिंतीच्या आत असतो ना बाई, तसं. पाणी वाहतं, पण कुणाला दिसत नाही.” असलं काही पेपरात लिहायचं नाही, अशी तंबी दिली. उत्तर खरं तर झकास होतं. बोलले नाही. उगीच शेफारेल.

१२ फेब्रुवारी
आज सातच घंटा. प्रगती!

१७ फेब्रुवारी
आज प्रत्येकाने स्वतःची गोष्ट सांगायची होती. नळवाला म्हणाला, “दारू सुटून तीन वर्षं झालेली. मग दाढ दुखली. दाढ उपटली, पण वेदनेच्या गोळ्या काही सुटेनात. महिनाभर घेत होतो. शेवटी इथे येऊन म्हटलं, माझी दिवसांची मोजणी शून्यावर आणा. त्यालाही आता अडीच वर्षं झाली.”
दाढेवर सगळे हसले. मीही हसले. मग आठवलं.
गेल्या मार्चमधला माझा खोकला. खोकला चार दिवसांत गेला. गुंगी आणणाऱ्या त्या औषधाच्या बाटल्या पाच झाल्या. डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं की! — पहिली. बाकीच्या चार, चार वेगळ्या दुकानांतून. शब्दकोशाच्या मागे ठेवायचे.
खोकल्याचं औषध लपवून कोण ठेवतं?

१८ फेब्रुवारी
छत्तीस वर्षं परीक्षा विभागात कॉप्या पकडल्या. पकडलेल्यांच्या सबबी तोंडपाठ आहेत. आज एकेक करून सगळ्या स्वतःला सांगून पाहिल्या. स्वतःची अशी एकही सुचली नाही.

२० फेब्रुवारी
परीक्षेच्या आधीच प्रशिक्षिकेला गाठलं. फॉर्म मागून घेतला, जुना आकडा खोडला आणि लिहिलं — अकरा महिने. अक्षर वाकडं आलं.
तिने नवा आकडा पुन्हा वाचला. “अट तर दोन वर्षांची आहे. यंदा नाही बसता येणार तुम्हाला. पण तुम्ही आता असं करा—”
मी हात लांबवून घंटा वाजवली. टण्!
दोघी हसलो. मग दोघींपैकी एकीने डोळे पुसले. कोणी, ते लिहिणार नाही. गोपनीयता!
लेकीला फोन केला. फ्रेमचं राहू दे म्हटलं, का ते सांगितलं. ती म्हणाली, “जेवलीस का?” एवढंच. जेवले नव्हते. जेवले म्हटलं. लगेच परत फोन करून खरं सांगितलं.

२६ फेब्रुवारी
नळवाला पास! बहात्तर गुण. पाइपचं उत्तर लिहिलंच त्याने. त्याच उत्तराला पैकीच्या पैकी! माझं कोण ऐकतंय.

२८ फेब्रुवारी
सकाळी नऊला दारात नळवाला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला केंद्राचा बिल्ला.
“आमचा नळ गळत नाहीये,” मी म्हटलं.
“नळासाठी नाही आलो, बाई. केंद्राने मला पहिलं माणूस दिलंय.”
आत आला, खुर्ची ओढली, गुडघ्यांवर हात ठेवले.
“मग?”