चौथ्या टाकीचा बिल्ला

सोमवार, १ सप्टेंबर २०२५

आले एकदाची ऑल्डरविकला! स्टेशनवर उतरल्याबरोबर गावभर भाजणी भाजल्याचा वास. सफोकमध्ये कोण भाजणी करतंय, म्हणून इकडेतिकडे बघितलं, तर तो ब्रूअरीतल्या माल्टचा, म्हणजे बिअरसाठी भाजलेल्या जवाचा वास. कंपनीने राहायला चर्चमागचं छोटं कॉटेज दिलंय. स्वयंपाकघरातून नदी दिसते, हॉब चांगला आहे, कुकर व्यवस्थित बसला. नवरा समर आणि लेक मायरा लंडनच्या घरी, हाउन्सलोलाच राहणार. मायराचं ए-लेव्हलचं, म्हणजे आपल्या बारावीचं वर्ष, तिला आत्ता हलवायचं म्हणजे घरात महायुद्ध. मी शुक्रवारी संध्याकाळी ट्रेनने घरी जायचं असं ठरलंय.

पुण्यात अकरा वर्षं डेअरीत काढली, इथे दोन वर्षं सँडविचच्या फॅक्टरीत. आता मी सेफ्टी अँड क्वालिटी मॅनेजर, देवयानी म्हणजे काय समजता! आमच्या तिघांचा व्हिसा याच नोकरीवर आहे, त्यामुळे जीव भांड्यात पडलाय. मालकीण फिलिपा पन्नाशीची, फार गोड बोलते. म्हणाली, आम्हाला तुझ्यासारखी नियमाने चालणारी, बाहेरची बाईच हवी होती. मग समोरच्या पबमध्ये नेऊन अर्धा पाइंट पाजला. इथली बिअर पिंपात जिवंत असते म्हणे, आत यीस्टचं काम चालूच असतं, आणि ती तळघरातून हातपंपाने ओढून काढतात. फार थंड नाही, फसफसत नाही, कडवट आणि मागून जराशी गोड. आवडली मला. समरला फोनवर सांगितलं तर म्हणे, पहिल्याच दिवशी?

गुरुवार, ४ सप्टेंबर

चार दिवसांत डोकं फिरायची वेळ आलीय.

बिअर आंबवायच्या सहा उघड्या टाक्या आहेत, बारा बारा फूट खोल. बिअर काढून घेतली की भिंतींना यीस्टचा जाड थर राहतो, तो माणसाने शिडीने आत उतरून ब्रशने घासायचा. तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. दिसत नाही, दोन श्वासांत माणूस आडवा. म्हणून काम नेहमी जोडीने, एक आत आणि एक वर काठाशी. पुढच्या वेळी अदलाबदल, पाळी म्हणजे पाळी. आत जाणाऱ्याने आपल्या नावाचा पितळी बिल्ला फळ्यावर त्या टाकीच्या हुकाला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढायचा. बिल्ला लटकतोय तोवर त्या टाकीत थेंबभर काही सोडायचं नाही. पद्धत जुनी पण चोख. मला आवडली.

पण चौथ्या हुकाला एक बिल्ला १९७९ पासून लटकतोय! विल्फ पास्क. टाकी तेव्हापासून बंद. नॉर्मन म्हणून अडुसष्ट वर्षांचे एक कामगार आहेत, ते दर सोमवारी तो बिल्ला पॉलिश करतात, टाकीला गुड मॉर्निंग म्हणतात, आणि काठावर अर्धा ग्लास बिअर ठेवतात. त्यावर चिलटं! अन्नाच्या कारखान्यात चिलटं! मी असा आवाज चढवला की सगळी शेड वळून बघायला लागली. नॉर्मन टोपी काढून उभे राहिले. त्याने तर मी अजूनच चिडले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

फिलिपाने खरं काय ते सांगितलं. विल्फ त्या टाकीत गॅसने गेला. प्रेत तेव्हाच काढलं, माझ्या कॉटेजशेजारीच चर्चच्या आवारात पुरलंय. तो बिल्ला काढायचं धाडस मात्र कुणाला झालं नाही. आता ख्रिसमसच्या बिअरची मोठी ऑर्डर आहे, टाकी हवीच आहे, तू बघतेस का, असं अगदी मधाळ आवाजात.

नॉर्मनना सांगायला गेले. ते म्हणाले की विल्फ अजून आत आहे. मी म्हटलं, अहो, तो चर्चच्या आवारात आहे, मी थडग्याच्या दगडावरचं नाव वाचून आले. त्यांनी फळ्यावरची पाटी दाखवली: ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा. मेलेला माणूस येऊन काढणार आहे का, असं मी विचारलं. प्लीज नको, मिसेस डी, एवढंच म्हणाले. माणसाने भांडावं तरी! विनवण्या केल्या की मला काही सुचत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

काढला. सकाळी दहा वाजता, सगळ्यांसमोर. हाताला ओला लागला, पॉलिशमुळे असेल. ड्रॉवरमध्ये टाकला आणि फिलिपाला ईमेल केलं की चार नंबर मोकळी आहे.

नॉर्मन ओरडतील असं वाटलं होतं. नाही ओरडले. दवाखान्यात आपला नंबर पुकारल्यावर माणूस उठतो, तसे उठले आणि बाहेर गेले.

मंगळवार, १६ सप्टेंबर

बाहेरच्या माणसांनी वरूनच पाइपने टाकी धुतली, आत कुणाला उतरावं लागलं नाही. काल बिअर सोडली. वर काय सुंदर फेस आलाय!

एकच कटकट. सकाळी चौथ्या हुकाला नॉर्मनचा बिल्ला लटकत होता. टाकी भरलेली आणि बिल्ला लटकतोय! नॉर्मन अंगणात पिंपं मोजत होते. मी बिल्ला हातात दिला, म्हटलं, या वयात असली नाटकं शोभत नाहीत. ते फक्त बिल्ल्याकडे बघत राहिले. बिल्ला ओलाच होता.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

रोज. रोज सकाळी तोच बिल्ला, तोच हूक. बुधवारी ओरडले. काल बिल्ला काढून घेतला आणि माझ्या ड्रॉवरला कुलूप लावलं. आज परत हुकाला! ड्रॉवर बंद, किल्ली माझ्या पर्समध्ये. आत विल्फचा बिल्लाही नव्हता, नुसतं पाणी साचलेलं, माझे सगळे कागद भिजलेले.

कोण चावटपणा करतंय ते कळू दे, चामडी सोलते एकेकाची.

समर म्हणाला, कॅमेरा लाव.

सोमवार, २२ सप्टेंबर

लावला. बघितलं.

कुणी येत नाही. हूक रिकामा, हूक रिकामा, आणि मग बिल्ला हलतोय.

नॉर्मनना चहा दिला आणि म्हटलं, आता सगळं सांगा. १९७९ मध्ये ते बावीस वर्षांचे. विल्फ आत, हे काठाशी उभे. दहाला कामगारांना एक ग्लास बिअर मिळायची. ती घ्यायला गेले, चार मिनिटांत परत आले. चारच मिनिटं. पुढची पाळी नॉर्मनची होती. विल्फचा बिल्ला लटकतोय तोवर तो आत आहे, त्याची पाळी संपलेली नाही, म्हणून यांची सुरू होत नाही. सेहेचाळीस वर्षं त्यांनी ती अशी थोपवून धरली होती. आणि मी, मोठी शहाणी, फळ्यावर एकच नियम लिहिलेला, तोच मोडला. स्वतःचीच एवढी चीड आजवर कधी आली नव्हती.

मला रागवा ना, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

परवा टाकीतून बिअर काढली. टाकी रिकामी. घासायची बाकी.

काल सकाळी नॉर्मनना मी स्वतः बसमध्ये बसवलं, इप्सविचला, बहिणीकडे. बस सुटलेली मी डोळ्यांनी बघितली. दहाला शेडमध्ये आले तर हे चौथ्या टाकीच्या काठावर. एक बूट आत. कसे आले ते त्यांना माहीत नाही. मी कॉलर धरून मागे ओढलं तेव्हा रडायला लागले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, माझ्या खांद्यावर.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

फिलिपाला सगळं माहीत होतं!

तोंडावर विचारलं. तिने मान्य केलं, अगदी शांतपणे, नखं बघत. गावातलं कुणी तो बिल्ला काढणार नाही हे तिच्या वडिलांनाही ठाऊक होतं. म्हणून बाहेरची आणली. आता टाकी घासून घे, असं म्हणाली. मी म्हटलं, बंद कर ती टाकी, सिमेंट भर. तर म्हणते, ऑर्डर घेतलीय, आणि तुझा व्हिसा कुणाच्या नावावर आहे ते आठवतं ना.

तळपायाची आग मस्तकात गेली. मायराची परीक्षा, समर, घर, सगळं एका वाक्यात तिने टेबलावर मांडलं. मी दार आपटून आले. दार आपटून आले, बस्स, एवढंच केलं मी.

घरी गेले नाही. नॉर्मनना एकटं सोडणार नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

आज दोनदा काठावरून ओढलं. दोनदा. दुसऱ्यांदा तर त्यांना माझं नावसुद्धा आठवेना.

एक दिवस माझी नजर चुकणार. मग विचार केला, पाळी आहे ना? मग होऊ दे पाळी. पण माझ्या नियमाने. भर दिवसा, पंखा लावून, गॅसचा मीटर, अंगाला पट्टे, दोर, दोर वर ओढायचा विंच, आणि वर मी. आत जा, घासा, बाहेर या, आपल्या हाताने आपला बिल्ला काढा. पाळी संपली.

नॉर्मनना पटलं. आज पहिल्यांदा नीट जेवले. माझा वरणभात.

फिलिपा लंडनला, कसलंसं बक्षीस घ्यायला. घे बाई घे.

मंगळवार, ३० सप्टेंबर

छापील फॉर्मवर माझा विश्वास नाही. वही इथेच काठाशी घेतलीय. मिनिटामिनिटाचं लिहिणार.

१०.०० नॉर्मन आत उतरले. मीटर शून्य. पट्टे मी आवळले. दोर विंचला, विंचला लॉक. मी जागची हलणार नाही, कुणी काही आणून दिलं तरी.

१०.०६ ब्रश चालू. गुणगुणतायत. सूर नाही अजिबात.

१०.११ अर्धी झाली. हाक मारली की ओ देतात. छान. छान चाललंय.

१०.१३ ब्रशचे आवाज दोन.

एक थांबला.

१०.१४ ओ नाही. मीटर किंचाळतोय. कुठून आला गॅस, पंखा चालू आहे, रिकामी टाकी —

१०.१६ विंच फिरवला. वर आले, अर्ध्यापर्यंत. हँडल अडकलं. लॉक लावलं. श्वास चालू आहे, दिसतोय. फायर ब्रिगेडला फोन केला, वीस मिनिटं म्हणतात. वीस!

मी जागेवर आहे. मुद्दाम लिहितेय. उद्या फिलिपा म्हणेल मी सोडून गेले. मी इथेच आहे, इथेच.

१०.१८ शेजारी कुणीतरी उभं आहे. गमबूट. ओले. वर बघत नाही मी.

लॉक त्याने उघडलं. नॉर्मन हातभर खाली — हँडल धरलं मी, डाव्या हाताने —

ओरडले त्याच्यावर. मराठीतच, दुसरं सुचलं नाही. म्हटलं, चार मिनिटांची चूक रे, आणि सेहेचाळीस वर्षं त्याने तुझं नाव घासूनपुसून उजळलं, अजून काय हवंय तुला? पाळी संपली तुझी! हात काढ!

ऐकत नाही. थंडगार हात, माझ्या हातावर —

जड. नॉर्मन डोळे उघडून बघतायत. सोड म्हणतायत मला. सोड, मिसेस डी.

नाही सोडणार. मेले तरी नाही. एका हाताने होत नाहीये, वही ठेव —