चिंचेखालचे जॉन, बावखलाकाठचे जॉन

१२ जानेवारी, सोम.
सकाळी दाढ काढायला गेलो, म्हणून चॅनलवर मयताची बातमी दीदीने, माझ्या मालकिणीने, एकटीने लावली. गासहून फोन होता: जॉन फ्रान्सिस लोपीस वारले, दफन आज चारला. आमच्याकडे त्यांचा जुना फोटो होता, तो लावला. फोटो चिंचेखालच्या जॉनकाकांचा. वारले ते बावखलाकाठचे, म्हणजे तळ्याकाठच्या घरातले जॉन. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं एकच. गासमध्ये आधी घर विचारतात, मग नाव. दीदीने घर विचारलं नाही.

दुपारी दीदीला चिंचेखालच्या काकांचा फोन. "अगं बाय, लोक हार घेऊन आलेत. मीच चहा ठेवलाय. मयताच्या हातचा चहा कोणी पिईना!" हसत होते. मला वाटलं, सुटलो.

नाही सुटलो. बावखलाकाठच्यांची बहीण आगाशीला दिलेली, मार्थाआत्या. तिने आमचा फोटो पाहिला, चिंचेखालचा गेला बिचारा म्हणाली आणि मटार सोलत बसली. भावाच्या घरच्यांना वाटलं, आत्याला चॅनलवरून कळलंच असेल. खरं कळून ती पोहोचली तेव्हा माती पडून गेली होती.

१३ जाने., मंगळ
म्हटलं, दीदी, बातमी गुपचूप काढून टाकू. तिने ऐकलं नाही. कॅमेऱ्यासमोर बसली. लिहून देऊ का विचारलं, नको म्हणाली.

"चूक माझी आहे. मी बाहेरची आहे म्हणून नाही झाली. मी विचारलं नाही म्हणून झाली. मार्थाआत्या, मी तुमची गुन्हेगार आहे."

एवढंच. ती नेपाळहून नालासोपाऱ्यात लग्न होऊन आली, तेव्हा तिला मराठीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. केबलचं बिल मागत दारोदार फिरली, त्या दारांतच भाषा शिकली. केबलवाल्याचा धंदा बंद पडला तेव्हा स्वतःचं चॅनल काढलं. हे सगळं एका वाक्यात बुडू शकतं, हे तिला माहीत होतं. तरी बोलली.

व्हिडिओखाली लोकांनी लिहिलंय, आमची मयतं आता नेपाळीण सांगणार? गासने कळवलं, यापुढे मयताच्या बातम्या दुसऱ्या चॅनलला. सकाळी लोक आम्हाला त्यासाठीच तर उघडतात. बाकीची गावंही गेली तर चॅनल...

१६ जाने., शुक्र.
आगाशी. आत्या दारातच. "तुझ्या फोटोवर भरवसा ठेवून मी मटार सोलत बसली. आमच्या मानसांत तुला कोनी बोलावलं गं?" दार लावलं. दीदी ओट्यावर बसून राहिली. शेजारी बघत होते. मला पळून जावंसं वाटत होतं.

२४ जाने., शनि.
दीदी रोज एका गावात जाते. शूटिंग नाही. ओटीवर बसते, घरांची नावं विचारते, तोंडाने म्हणत राहते. आज गासला एका म्हातारीने हटकलं, "सगल्यांची विचारते, तुझ्या घराचं नाव काय गं?" दीदी म्हणाली, "भाड्याचं." सगळ्या बायका खो खो. मी पहिल्यांदा जरा श्वास घेतला.

तिथून आगाशी. आत्याच्या बावखलाकाठच्या भाच्याने दफनाचं शूटिंग दिलं होतं, दुबईच्या नातेवाइकांसाठी काढलेलं. दीदी ते दाखवायला गेली, तर आत्याने हात आडवा केला.

"नको. त्यात मयत दिसेल. भाऊ नाय दिसनार."

मग आत्यानेच विचारलं, "तुझं कोन गेलंय का, तू नसताना?"

"आई. राख झाल्यावर फोन आला."

"कोनाची चूक?"

"कोणाची नाही. मी लांब होते."

आत्या म्हणाली, "माझी आगाशी तर जवळ होती गं."

निघालो तेव्हा दार उघडंच होतं.

११ फेब्रु., बुध.
बावखलाकाठच्या जॉनकाकांची महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. बातमी दुसऱ्या चॅनलवर आली. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. दीदी कॅमेरा ऑफिसात ठेवून निघाली. मी विचारलं, आत घेतील? "बाहेर उभी राहीन."

राहिली. माणसं तिच्या बाजूने आत जात होती, काही बघून, काही न बघता. मार्थाआत्या मुलाचा हात धरून आली. दीदीजवळ पायरीवर थांबली. मुलाला म्हणाली, "तू हो पुढे."

मी रस्त्यापलीकडे स्कूटर धरून. घंटा वाजत होती, एक शब्द ऐकू आला नाही. दोघी खूप वेळ उभ्या होत्या. मग आत्या आत गेली. दीदी तिथेच.

येताना मी विचारलं नाही. ती मागे बसून घरांची नावं म्हणत राहिली.