जळोचीची पुढची खोली आणि सरपंचाची खुर्ची

मी, श्रीमती विजया जोतीराम रणवरे, वय अडुसष्ट, मूळ गाव निरवांगी, ता. इंदापूर, सध्या राहणार जळोची, बारामती. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे, ते लिहून ठेवते.

१. बँकेतील ठेव नात छकुली हिच्या शिक्षणासाठी. तिला वसतिगृहात ठेवलेत तर दर रविवारी भेटायला जावे. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये मी फाटकाकडे बघत बरेच रविवार काढले आहेत.

२. माझी लाकडी खुर्ची सून रेश्मा हिला. निरवांगीचे सरपंचपद महिलांसाठी राखीव झाले तेव्हा गावाने मला निवडून दिले. यजमानांनी कार्यालयात माझ्या खुर्चीला लागून स्वतःची खुर्ची टाकली. बैठकीत ते बोलत. सहीची वेळ आली की कागदावर बोट ठेवून म्हणत, "हितं कर." एकदा मुलींच्या शाळेतील स्वच्छतागृहाचा विषय मांडायला मी उभी राहिले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी बोलताना उभे राहायलाच शिकवले होते. यजमान हळूच म्हणाले, "बस गं, मी सांगतो." ते सांगायचे राहिले. स्वच्छतागृहही राहिले. माणूस प्रेमळ होता, इंदापूरच्या बाजारातून माझ्यासाठी गजरा आणल्याशिवाय परतत नसे, हेही नोंदवते. पुढे कार्यालयातील जुने सामान लिलावात निघाले, तेव्हा माझी खुर्ची मी घेतली.

३. निरवांगीची शेती व घर मुलगा युवराज याला, एका अटीवर. आता रेश्मा तिथली सरपंच आहे आणि युवराजनेही तिच्याशेजारी खुर्ची टाकली आहे. मी विचारले तेव्हा म्हणाला, "आई, तिला काय कळतंय त्यातलं?" रेश्मा तिथेच चहा गाळत होती. म्हणाली, "कळायला एकटीला बसू तर द्या."
युवराजने आपली खुर्ची कार्यालयातून उचलून न्यावी. ती उचलल्याचे रेश्माने माझ्या वर्षश्राद्धापूर्वी लेखी द्यावे. तसे न झाल्यास शेती व घर छकुलीचे.

४. जळोचीचे घर रेश्माच्या एकटीच्या मालकीचे. रस्त्याकडची पुढची खोली मात्र शेजारच्या छबूबाईंची नात मोनाली हिला, हवी तोवर, बिनभाड्याने वापरू द्यावी. मोनाली पदवीधर आहे. सरकारच्या प्रशिक्षणार्थी योजनेत ती ग्रामपंचायतीत दाखल्यांचे काम शिकली. मुदत संपली, तसे तिला घरी पाठवले. सरकारदरबारी ती प्रशिक्षित आहे, घरच्यांच्या लेखी रिकामी. स्थळे येऊ लागली आहेत. तिने या खोलीत दाखले व अर्ज भरून देण्याचे केंद्र काढावे. युवराजला खोली मोबाइलच्या दुकानाला द्यायची आहे, हे मला ठाऊक आहे.

५. यजमानांचा उजवा हात शेवटच्या आजारात चालेना. दवाखान्याच्या कागदावर डाव्या अंगठ्यासाठी मी बोट ठेवले आणि म्हणाले, "हितं." ते हसले. नंतर डाव्या हाताने धरलेले माझे बोट त्यांनी बराच वेळ सोडले नाही. कलम ३ मधील अट त्यांच्यावरील रागातून घातली आहे, असे युवराजने समजू नये.

कलम ३ प्रमाणे लेखी द्यायचा कागद रेश्माने स्वतः वाचावा आणि सहीची जागा स्वतः शोधावी. मी हे मृत्युपत्र पुन्हा वाचले आहे. खालची सही मी त्याच रीतीने करीत आहे.

जळोची, दि. १२ ऑगस्ट २०२५

(सही) विजया जो. रणवरे

आमच्यासमक्ष सही केली:
१. बुद्धघोष श्रीपती सोनवणे, निवृत्त शिक्षक, जळोची
२. डॉ. सोनम काटे, काटेवाडी