कच्ची भांडी

प्रिय ताई,

तुझा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. रागावू नकोस. प्रदर्शनाची भांडी झाली का, हेच विचारणार होतीस आणि मी नेहमीसारखी काहीतरी सबब सांगितली असती. म्हणून लिहितेय. थकलेय गं. कंबर धरलीय, नखांतली माती निघता निघत नाही. नवरा म्हणतो, घर कुंभारणीचं आणि चहा स्टीलच्या पेल्यात.

म्हणतो ते खरंच आहे. कच्चं भांडं भाजेपर्यंत त्याची परत माती करता येते. टबातल्या पाण्यात सोडायचं, सकाळी नुसता चिखल. कित्येक वर्षं मी हेच करतेय. चाकावर घडवायचं, वाळवायचं, फळीवर मांडून बघत बसायचं आणि भट्टी लावायची वेळ आली की टबात. भट्टीत तडकेल, झिलई ओघळेल, लोक नावं ठेवतील. न भाजलेल्या भांड्याला कोण नावं ठेवणार? शाळेत मुलांना मातीकाम शिकवताना मात्र, फुटलं तर फुटू दे रे, असं छातीठोकपणे सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

या वेळी गॅलरीवाल्या बाई घरीच आल्या, फळीवरची भांडी बघितली आणि प्रदर्शनात जागा देते म्हणाल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत नवऱ्याने हो म्हणून टाकलं. मग काय, भरली भट्टी. पेटवलीसुद्धा. ती पुरती निवल्याशिवाय दार उघडायचं नसतं, हे मी मुलांकडून घोकून घेते. पण मलाच दम निघेना. बोटभर दार उघडलं, गार हवा आत गेली आणि टिंग. मोठा रांजण, माझा सगळ्यात लाडका, गळ्यापासून तळापर्यंत तडकला. इतकी वर्षं ज्याला भ्याले ते शेवटी माझ्याच हाताने झालं. दार लावून तिथेच फरशीवर बसले. वाटलं, आता रडू फुटेल. तर भूक लागली. उभ्यानेच जेवले आणि मेल्यासारखी झोपले.

बाकीची भांडी दुसऱ्या दिवशी काढली. काही बरी आहेत, काही ओबडधोबड, एका सुरईची मान वाकडी. पण भाजली गेली. आता त्यांना टबात टाकून उपयोग नाही.

शनिवारी प्रदर्शन उघडतंय. तू येशीलच, आणि दारातूनच छान छान म्हणत येशील. लहानपणी मी चिखलाचा गोळा थापला तरी तू तो गल्लीभर दाखवत फिरायचीस, माझ्या बहिणीच्या हातात जादू आहे म्हणायचीस. माया होती ती, कळतं मला. पण त्या जादूलाच मी जन्मभर घाबरले गं. एक भांडं वाईट निघालं तर तू खोटी पडशील, असं वाटायचं. म्हणून हे पत्र. ये, एकेक भांडं हातात घे आणि जे आवडणार नाही ते मला तोंडावर सांग. दुसरं कुणी सांगायच्या आत मला ते तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझीच,
मातीखाऊ