फाटलेलं नव्हतं ते दूध

जबलपूर, मंगळवार, ८ जानेवारी २०१९

आज माझ्या हातून सुनेचं दूध मोरीत गेलं. पल्लवी कालपासून पुन्हा बँकेत नोकरीवर जाऊन राहिली. तिथल्या जुन्या फायलींच्या खोलीत दार लावून बाळासाठी दूध काढते, बाटलीत भरून आणते. दुपारी फ्रिजमधून बाटली काढली, तर वर साय आणि खाली पाणी. मला वाटलं, फाटलं. ओतून दिलं. बाळ भुकेनं रडून रडून झोपलं.

संध्याकाळी पल्लवी म्हणाली, "काहून फेकलं बाबा? आईचं दूध ठेवलं की असंच दिसते. नुसतं हलवायचं होतं." मग माझं तोंड पाहून, "चलो, होते असं." आणि बूटही न काढता बाळाला घेऊन बसली.

ती साय डोळ्यांपुढून जात नाही. आईवरच्या शाळेतल्या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत. आणि एवढं माहीत नसावं?

आमचा मधू तान्हा असताना त्याची आई, सुमन, शाळेत शिकवायला जायची. परतताना तिचा पदर छातीशी ओला असायचा. कशानं, ते आज कळलं. मी विचारायचो, "नळावर भिजलीस काय?"

ती "हो" म्हणायची आणि माझा चहा टाकायची.