दृढीकरणाच्या यादीतलं नाव

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्याशी भांडते. बहुतेक माझ्या गिरणीत. हळद दळायला टाकली की त्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही, तेव्हा आपली जुंपते. परवाना, त्याचं नूतनीकरण, तपासणीला आलेला साहेब, साहेबाचा चहा, हे सगळं सोसून झालं की मी म्हणते, बघा तुमचं सरकार. तुम्ही जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि रविवारी चर्चच्या मंडळीचे पंच. तुम्हाला सरकार आणि देव दोघेही गरिबाच्या बाजूचे वाटायचे. मला देव तेवढा वाटतो.

गिरणी घातली त्या वर्षीची एक सकाळ आठवते. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलताय आणि मी सरकारच्या करांवरून तावातावाने बोलतेय. "बायबलात ज्यानं रस्त्यात पडलेल्या परक्याच्या जखमा बांधल्या, त्या माणसाला कोण्या साहेबानं हुकूम दिलता? जबरदस्तीनं घेतलेल्याला दया म्हणत न्हाईत, बाबा." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बराबर हाय. पर तो थांबला. तू थांबली असती का, एवढं सांग." त्या रागात वरणाची फोडणी करपली आणि तुम्ही ते वरण दोनदा मागून घेतलंत. त्यानंतर मी थांबायला शिकले, हे खरं. मत मात्र बदललं नाही. देवानंसुद्धा माणसाला नाही म्हणायची मुभा दिली, मग तहसीलदार कोण लागून गेला, असं मी चर्चमध्ये उघड म्हणते. गेल्या वर्षी पंचांनी प्रत्येक घराची वर्गणी ठरवून नावं वाचून दाखवायचं काढलं, तेव्हा मी उभी राहिले आणि ते हाणून पाडलं. मी फार फुशारले होते.

आता खरं सांगायचं ते सांगते. तुमची नात अठरा वर्षांची झाली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण नाक तुमचंच आहे. पाळकसाहेबांनी दृढीकरणाची, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास कबूल करणाऱ्यांची, यादी काढली, तेव्हा मी तिला न विचारता तिचं नाव दिलं आणि पांढरा ड्रेसही शिवायला टाकला. ती म्हणाली, "आई, मला अजून नक्की वाटून न्हाई राहिलं. खोटं काहून बोलू तिथं?" मी म्हणाले, या घरात राहायचं तर या घरासारखं राहावं लागेल. ती चिडलीसुद्धा नाही. "मंग तू बी सरकारच झाली की," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

बाबा, मीही सतराव्या वर्षी हेच म्हणाले होते. आई रडत होती, लोक काय म्हणतील म्हणून. तुम्ही शर्ट घातलात, पाळकसाहेबांकडे जाऊन माझं नाव काढून आलात आणि रविवारी पहिल्या बाकावर बसलात, शेजारची जागा रिकामी. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचात, "तिची येळ आली की येईल." दोन वर्षांनी मी आपण होऊन गेले, तेव्हा तुम्ही त्या बाकावर नुसते थोडे सरकलात. त्या सरकण्याबद्दल मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझी मतं मी साहेबांशी भांडून कमावली. ती मला एका सरकारी मास्तरानं दिली होती, आणि लेकीची पाळी आली तेव्हा मीच ती विसरले. मला फार लाज वाटली.

आज सकाळी जाऊन तिचं नाव काढून आले. पाळकसाहेबांनी यादीतल्या नावावर रेघ ओढली, त्यांच्या बाईंनी चहा दिला. लेकीला सांगितलं तर तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. घरी आल्यावर दार लोटून गुडघे टेकले. तिला मोकळी सोडल्याबद्दल देवाचे आभार मानायचे, असं ठरवून बसले होते. पण तोंडातून निघालं ते हेच, की प्रभू, मला जमलं नाही, आता तूच तिला हाताला धरून ओढून आण.